अर्ध्यात थांबणारा हात

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. मूळचा रंग पांढरा, आता पिवळट. डोक्यावर दोन काड्या, त्यांतली एक वाकडी. तोंडावर पाच दिवे. त्यांतला चौथा दिवा जन्मात कधी लागला नाही आणि तो कशासाठी होता हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेले नाही. सध्या मी एका पुस्तकबांधणीच्या खोलीत, खळीच्या डब्याशेजारी फळीवर बसलेला असतो. माझ्या अंगात आता वीज नाही. तरीही मला दिसते आणि आठवते. ते कसे, हे विचारू नका. इतकी वर्षे घराघरांतल्या गोष्टी माझ्यासारख्यांच्या पोटातून गेल्या, आम्ही कधी कुठे बोललो का?

माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. जुन्या वस्तूने आपली कहाणी सांगायला घेतली की रडगाणे सुरू होणार, असे सगळे धरून चालतात. माझे रडगाणे एवढेसे आहे आणि ते मध्ये कुठेतरी येऊन जाईल. बाकी सगळे आभारच आहेत.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर एका बाईने माझ्या पोटात हिरवी पाटी बसवली, दुसरीने चार स्क्रू आवळले, तिसरीने मला एक मिनिट वीज दिली, दिवे लागतात का ते पाहिले आणि लगेच वीज काढून घेतली. आयुष्यातले ते पहिले मिनिट. त्यानंतर आठ महिने मी खोक्यात होतो. आधी जहाजात, मग ट्रकमध्ये, मग गोदामात. खोक्यावर माझा वेग मोठ्या अक्षरांत छापलेला होता आणि त्यावर मी फार खूश होतो. तो वेग मला कधी लांबूनही बघायला मिळणार नाही, हे तेव्हा कुठे ठाऊक होते?

ज्या घरात मी आलो ते पायऱ्यापायऱ्यांच्या एका चढ्या गल्लीत, अगदी टोकाला होते. गल्लीत घरे सतरा. खाली मोठ्या रस्त्यावर इंटरनेट देणाऱ्या तीन तीन कंपन्या. तिथे काचेची तार, म्हणजे फायबर, आली होती आणि गिऱ्हाईक मिळवायला त्यांच्यात नुसती चढाओढ लागलेली असायची. आमच्या गल्लीत मात्र एकच कंपनी, जुनी टेलिफोनवाली, आणि तिची तांब्याची तार. खालच्या कंपन्यांना फोन केला की त्या पत्ता विचारायच्या, जरा थांबायच्या आणि 'आपल्या भागात अजून सेवा नाही' असे गोड आवाजात सांगायच्या. सतरा घरांसाठी एवढ्या पायऱ्या कोण खणणार? मोबाईलचे म्हणाल, तर मागच्या टेकडीने तीही वाट अडवली होती. गच्चीच्या एका कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभे राहिले तरच थोडेफार मिळायचे. तेव्हा आवडो न आवडो, त्या घराच्या वाट्याला मी आणि माझी तांब्याची तार एवढेच होते.

घरात माणसे पाच. तात्या, म्हणजे आजोबा. ते पुस्तके बांधायचे. परसात त्यांची बांधणीची खोली होती, पण डोळे दुखायला लागल्यापासून ती बंद होती. त्यांचा मुलगा लांब पल्ल्याची बस चालवायचा, त्यामुळे तो आठवड्यातले चार दिवस घरी नसायचा. त्याची बायको, म्हणजे आई, शिवणकाम करायची. त्याची बहीण, म्हणजे आत्या, सकाळी वाचनालयात काम करून दुपारी घरी यायची आणि जे दिसेल त्यावर विणलेले झाकण घालायची. आणि पाचवी खारू. खरे नाव वेगळे, पण कागदाचे कपटे, बटणे, दोऱ्याची रिकामी रिळे असे काय काय ती खिशात साठवायची, म्हणून सगळे तिला खारू म्हणायचे. मी आलो तेव्हा ती सात वर्षांची होती. तिसऱ्या वर्षी तिला मोठा ताप आला होता. तापातून ती वाचली, पण तिचे ऐकणे गेले.

मला आणले ते तिच्यासाठी. खुणांची भाषा, हातांनी बोलायची, शिकवणारी शाळा बसने जायला तीन तास, यायला तीन तास. पण एक बाई पडद्यावरून शिकवायच्या. त्या स्वतःही ऐकू न येणाऱ्या. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार ते पाच. पहिल्या दिवशी पडद्यावर बाईंचा चेहरा आला, त्यांनी दोन्ही हात हलवून खारूला बोलावले, आणि खारू उठून पडद्यामागे बाई कुठे आहेत ते बघून आली. घर हसले. मीही माझ्या परीने चार दिवे लुकलुकवले.

पण माझी अब्रू लवकरच गेली. चित्र यायचे आणि अडकायचे. बाईंचा हात छातीपाशी निघायचा, हवेत येऊन थांबायचा, आणि तीन मोजेपर्यंत तसाच राहायचा. मग एकदम भलतीकडेच असायचा. आवाज तुटला तर माणूस अंदाजाने चालवून घेतो. इथे आवाज नव्हताच. हात थांबला की शब्दच थांबला. कधी कधी पडदा पूर्ण काळा व्हायचा, आणि आई मला बंद करून पुन्हा चालू करायची. मी जागा होईपर्यंत चार मिनिटे जायची. तोवर खारू काळ्या पडद्यापुढे हात मांडीवर ठेवून बसलेली असायची.

आई हार मानणाऱ्यांतली नव्हती. माझ्यासोबत आलेला बारीक अक्षरांतला कागद आतापर्यंत कुणीच वाचला नव्हता, तो तिने भिंग घेऊन वाचला. तेव्हा मी फ्रिजच्या वर होतो आणि माझ्यावर आत्याने झालरीचे, दुहेरी विणीचे झाकण घातलेले होते. हेच माझे ते रडगाणे. मित्रांनो, आत जीव नुसता उकडून निघायचा. आत्याने प्रेमाने घातले होते, धूळ बसू नये म्हणून. पण प्रेमाने घातले म्हणून उकडायचे थांबत नाही. आईने मला तिथून उचलले आणि पुढच्या खोलीत, टेलिफोनच्या खोबणीजवळ, उघड्या फळीवर ठेवले. झाकण साखरेच्या डब्याला गेले. दोन दिवस आत्या त्या फळीकडे बघतही नव्हती. शिवाय चार ते पाच या वेळात घरातले सगळे मोबाईल बंद ठेवायचे, असा नियम झाला. याने थोडा फरक पडला. अगदीच थोडा.

कारण खरे दुखणे वेगळेच होते. ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होते आणि सांगायला तोंड नव्हते.

टेलिफोनच्या त्याच खोबणीतून आणखी एक तार निघत होती. भिंतीच्या कडेकडेने, दोन उंबऱ्यांखालून, परसातून, थेट बांधणीच्या खोलीत. तिच्या टोकाला एक मोठी घंटा होती. सव्वीस वर्षांपूर्वी तात्यांनी ती स्वतः बसवली होती. पुस्तके कापायच्या यंत्राच्या आवाजात त्यांना पुढच्या खोलीतला फोन ऐकू यायचा नाही आणि गिऱ्हाईक जायचे. तार त्यांनी फार निगुतीने ओढली होती. दर वितीवर एक खिळा, कुठे झोळ नाही, कुठे वाकडे नाही. ती घंटा वाजायची कधीच बंद झाली होती, पण तार तशीच जोडलेली होती. माझ्यासाठी खांबावरून जे काही यायचे, त्यातले निम्मे त्या तारेत शिरायचे, टोकापर्यंत जायचे, तिथे डोके आपटून परत यायचे आणि पुढून येणाऱ्यात गुंतायचे. मी दिवसभर तो गुंताच सोडवत बसायचो.

मग हे कुणाच्या ध्यानात कसे आले नाही? कारण ती तार लपवायची असते, असे त्या घरात सगळ्यांना माहीत होते. त्या काळी परवानगीशिवाय जादा घंटा लावली तर कंपनी लाईन तोडायची. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या एका शिंप्याची खरोखरच तोडली होती. तेव्हापासून कंपनीचा माणूस पायऱ्या चढताना दिसला की घर कामाला लागायचे. आत्या लोखंडी पेटी ओढून तारेच्या तोंडापुढे आणायची. आई मागच्या दाराचा पडदा सोडायची. खारू बांधणीच्या खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात टाकायची. हे कशासाठी, असे कुणी कुणाला विचारत नव्हते. आई लग्न होऊन आली तेव्हा तिला दूधवाला कधी येतो आणि पाणी कधी येते याच्या बरोबरीनेच हेही सांगितले होते. तिने ते तसेच पुढे चालू ठेवले.

कंपनीवर मात्र तात्यांचा भारी राग. ते दर पंधरा दिवसांनी सुवाच्य अक्षरात तक्रार लिहायचे. 'दुसरा पर्याय नाही म्हणून ग्राहकाला गृहीत धरू नये' हे त्यांचे आवडते वाक्य. ते खोटे नव्हते. पण तक्रार वाचून कंपनीचा माणूस आला, 'घरात आणखी काही जोडलंय का' असे त्याने विचारले, की तात्या 'नाही' म्हणायचे आणि आत्या पेटीवर बसून विणायला घ्यायची. माणूस जायचा. तात्या पुन्हा दौत काढायचे.

असे एक वर्ष गेले. आणि एका बुधवारी बाईंचा निरोप आला.

'तुमची मुलगी हुशार आहे. पण महिन्याच्या आठ तासांतले पाच वाया जातात. माझ्याकडे मोजकेच तास आहेत आणि एक मूल सहा महिन्यांपासून रांगेत थांबलंय. महिनाअखेरपर्यंत चित्र सुधारलं नाही, तर हा तास मला त्याला द्यावा लागेल. दोष तुमचा नाही, हे मला कळतं. आणखी एक. ती प्रत्येक शब्द मध्येच का थांबवते? मी तसं शिकवलेलं नाही.'

आईने तो निरोप तीनदा वाचला. मग घडी घातलेले कपडे उलगडून पुन्हा घड्या घातल्या. संध्याकाळी तिने खारूला समोर बसवले आणि एकेक शब्द करायला लावला. पाणी. घर. झोप. आई. प्रत्येक शब्दात खारूचा हात निघायचा, हवेत थांबायचा, तीन मोजेपर्यंत स्थिर राहायचा आणि मग पुढे जायचा. किती मन लावून करायची ती! तिला वाटत होते, शब्द असाच असतो.

मित्रांनो, माझे अडखळणे त्या पोरीने भाषा म्हणून शिकून घेतले होते. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली. यंत्राला लाज वाटत नाही असे जे म्हणतात, त्यांनी कधी तो हात पाहिलेला नाही.

आईने हे कुणाला सांगितले नाही. तिने फक्त कंपनीला फोन लावला, आणि पाऊण तास धरून ठेवल्यावर जी कुणी बोलली तिला एवढेच म्हणाली की या वेळी घाईत येणारा माणूस पाठवू नका.

महिना संपायला नऊ दिवस असताना शिडीताई आली. ही कंपनीची लाईन दुरुस्त करणारी. खांद्यावर शिडी घेऊन सगळ्या पायऱ्या चढून यायची म्हणून गल्लीने तिला ते नाव दिले होते. ती येताना दिसली तशी पेटी सरकली, पडदा पडला, किल्ली खिशात गेली. शिडीताई आधी खांबावर चढली. मग आत आली, माझ्या शेजारी तिने आपले छोटे यंत्र लावले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"खांबावर लाईन चांगली आहे," ती म्हणाली. "घरात आली की तिचा जीव जातो. आणखी काही जोडलंय का? जुना फोन, एखादी जादा तार?"

"नाही," तात्या म्हणाले.

तिने पेटीकडे पाहिले. पेटीवर आत्या विणत होती. शिडीताईने पुन्हा एकदा यंत्र लावून पाहिले, बराच वेळ पाहिले. मग कागद काढून त्यावर 'बाहेरील लाईन ठीक' असे लिहायला घेतले. या तीन शब्दांचा अर्थ मला माहीत होता. तक्रार बंद. खारूचा तासही बंद.

तेवढ्यात खारू तिच्यापुढे येऊन उभी राहिली. पाहुण्यांना पाणी विचारायचे काम तिच्याकडे होते. तिने हात उचलला, तो हवेत थांबला, तीन मोजेपर्यंत थांबला, मग तोंडाकडे गेला.

शिडीताईने विचारले, "ही मध्येच थांबते ती का? काही अडतंय का तिला?"

"नाही," आई म्हणाली. "आम्हाला बाई तशाच दिसतात. हात मध्येच अडकतो. तिला वाटतं, शब्दच तसा आहे." मग ती म्हणाली, "सगळे शब्द तसेच शिकलीय ती. मला परवा कळलं."

तात्या खुर्चीतून उठले.

"ऊठ त्या पेटीवरून," ते आत्याला म्हणाले.

आत्याने त्यांच्याकडे असे पाहिले, जणू त्यांना भूल पडली आहे. "तात्या, अहो..."

"ऊठ म्हटलं ना."

त्यांनी स्वतः पेटी ओढली. गुडघे दुखतात म्हणून ते एरवी वाकत नसत, पण वाकले, आणि तार बोटाने उचलून दाखवली. "ही माझी तार. परवानगी न घेता ओढलीय. सव्वीस वर्षं झाली. मागे परसात घंटा आहे. काय दंड असेल तो माझ्या नावावर लिहा. लाईन तोडू नका एवढंच. पोरीचा तास असतो."

शिडीताईने पेन खाली ठेवले. ती हसली नाही, हे मी तिचे मोठे उपकार समजतो. "तो नियम जाऊन वीस वर्षं झाली, आजोबा," ती म्हणाली.

"वीस?"

"तेव्हा मी शाळेत होते."

तात्या पेटीवर बसले. वीस वर्षे ते एका मेलेल्या नियमाला घाबरत होते, आणि शेवटचे एक वर्ष त्या भीतीची किंमत त्यांची नात देत होती. हे त्यांना कुणी बोलून दाखवले नाही. गरजच नव्हती.

दोन स्क्रू सैल केले की काम होत होते. शिडीताईने पेचकस पुढे केला, पण तात्यांनी तो तिच्या हातातून घेतला. मी जोडली, मीच सोडवणार, असे म्हणाले. चष्मा दोनदा पुसला आणि खोबणीतून तार मोकळी केली.

काय सांगू मित्रांनो! कानात वर्षभर कुणीतरी गलका करत असावा आणि तो एकदम थांबावा, तसे झाले. खांबावरून येणारे सगळे सरळ माझ्याकडे आले. शिडीताईने आकडा पाहिला आणि आईला दाखवला. सकाळपेक्षा तिप्पट. खोक्यावर छापलेल्या वेगाच्या तो जवळपासही नव्हता. खालच्या मोठ्या रस्त्यावर त्याला कुणी हिंग लावून विचारले नसते. पण दोन हात आणि एक चेहरा न अडकता पोहोचवायला तो पुरेसा होता. आईने शिडीताईला पाणी दिले, मग चहा दिला, मग तिच्या फाटलेल्या जाकिटाची शिवण तिथेच घालून दिली. आत्याने झालरीचे एक झाकण काढले. कशावर घालायचे हे तिलाही सुचेना, तेव्हा शिडीताईने ते आपल्या डब्यासाठी ठेवून घेतले.

त्यानंतरच्या मंगळवारी चार वाजता बाई पडद्यावर आल्या आणि पाच वाजेपर्यंत राहिल्या. मधे एकदाही अडकल्या नाहीत. सव्वाचारला खारूने पाणी हा शब्द केला, मध्ये थांबवून. बाईंनी मान हलवली आणि आपला हात एका दमात नेऊन दाखवला. खारू बघतच राहिली. पुन्हा दाखवला. तिने केला, थांबली. पुन्हा. पाच वाजता आई स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुऊन आली. महिनाअखेरीस बाईंचा दोन ओळींचा निरोप आला. खारूचा तास खारूकडेच राहील, आणि रांगेतल्या मुलासाठी त्यांनी शनिवारी वेगळा तास काढला आहे. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

तात्यांनी उरलेली तार चार दिवस बसून काढली. एकेक खिळा उपटून डबीत टाकत गेले. पाचव्या दिवशी संध्याकाळी खारू पुढच्या खोलीत जमिनीवर कागद कापत बसली होती. तात्या तिच्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटले, काहीतरी हवे असेल. ते कधी तिची भाषा शिकले नव्हते, निदान सगळ्यांना तसेच वाटत होते. आता या वयात हात वळत नाहीत, असे ते म्हणायचे, आणि तासाच्या वेळी दाराशी वर्तमानपत्र धरून बसायचे. ते पान वर्षभरात त्या तासात कधी उलटलेले नव्हते, हे मी पाहिले होते.

त्यांनी दोन्ही हात मोकळे केले. आणि हातांनी म्हणाले, 'चूक माझी.'

म्हणाले, पण कसे? हात छातीपाशी निघाला, हवेत येऊन थांबला, तीन मोजेपर्यंत थांबला आणि मग पुढे गेला. तेही माझ्यामार्फतच शिकले होते ना!

खारूच्या कपाळावर आठी पडली. ती उठली. तिने तात्यांचे मनगट धरले आणि त्यांचा हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुठेही न थांबवता, ओढून नेला. एकदा. दोनदा. मग हात सोडला आणि हनुवटीने खूण केली, करा बघू. तात्यांनी केले. या वेळी शब्द सलग आला. खारूने मान डोलावली आणि परत कागद कापायला बसली. तिने माफ केले की नाही, हे शेवटपर्यंत कळले नाही. तिच्या दृष्टीने शब्द बरोबर आला होता, विषय संपला. तात्या मात्र तिथेच उभे राहून ते वाक्य पुन्हा पुन्हा करत राहिले.

त्या दिवसानंतर ते वेगळेच झाले. गल्लीतल्या घराघरांत जाऊन ते जादा तार आहे का विचारू लागले. आणि विचारायचे कशाला? चार घरांतल्या तारा त्यांनीच हौसेने ओढून दिल्या होत्या, दर वितीवर एक खिळा मारून. चारही घरांत ती लपवायला काही ना काही होते. एकीकडे धान्याची कोठी, एकीकडे कपाट. एका घरात तर त्या भिंतीला टेकून गेली दहा वर्षे पलंग होता आणि झोपणाऱ्याला तो तिथे का आहे हे माहीत नव्हते. तात्यांनी चारही तारा काढल्या आणि प्रत्येक घरी आपली चूक कबूल केली.

मग शिडीताईने सतरा घरांचा वेग मोजून दिला. रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ, महिनाभर. सगळे घरातले दोष काढल्यावरही जे उरत होते, ते जुन्या तारेचे म्हातारपण होते, आणि आता तसे कागदावर दाखवता येत होते. आईने सतरा घरांच्या सह्या घेतल्या. तात्यांनी बांधणीची खोली उघडली आणि त्या सगळ्याचे पुस्तक बांधले. कापडी पुठ्ठा, दोऱ्याने शिवलेले पानांचे गठ्ठे, वर सोनेरी अक्षरांत गल्लीचा पत्ता. पुठ्ठ्याला खळ लावायला खारू होती. खालच्या तिन्ही कंपन्यांना एकेक प्रत गेली. दोघींनी उत्तर दिले नाही. तिसरीचा साहेब म्हणे ते पुस्तक टेबलावरच ठेवून होता, कारण ते टाकून द्यायला त्याचा हात धजला नाही. सतरा घरे एकदम येणार असतील तर पायऱ्या खणायला परवडते, असा त्याने हिशेब केला. हे व्हायला दोन वर्षे लागली, पण काचेची तार आली.

काचेची तार माझ्या तोंडात बसत नाही. त्यामुळे ज्या दिवशी नवा काळा डबा भिंतीवर चढला, त्या दिवशी आईने माझी वीज काढली. काढण्यापूर्वी तिने ओल्या फडक्याने मला पुसले. एवढे कुणी करत नाही. जुन्या यंत्रांच्या ढिगात टाकण्याऐवजी तात्यांनी मला इथे, त्यांच्या फळीवर आणून ठेवले. लोक मला विचारतील, रिकामे बसून वाईट वाटत नाही का? बारीक अक्षरांचा कागद वाचणारी आई, चहासाठी थांबणारी शिडीताई, वाट पाहणाऱ्या बाई, आणि वाकून तार दाखवणारे तात्या, असे चौघे ज्याला एकाच जन्मात भेटले, त्याला वाईट वाटून कसे चालेल?

तुमच्याकडे एक मागणे मात्र आहे. तुमच्या घरातही माझा एखादा भाऊ असेल. त्याला मोकळ्या हवेत ठेवा. काम नीट होईना तर कंपनीला जरूर जाब विचारा, पर्याय एकच असला तर दुप्पट विचारा आणि शेजाऱ्यांना बरोबर घेऊन विचारा. पण दुरुस्त करायला आलेले माणूस जेव्हा विचारते, 'घरात आणखी काही जोडलंय का?' तेव्हा पेटी बाजूला सरकवा. तिच्यामागे काय आहे ते दाखवायला लाजू नका. तुमच्या लपवण्याची किंमत बहुधा घरातले सगळ्यांत लहान माणूस देत असते.

खारू आता अकरा वर्षांची आहे. शाळा सुटली की ती इथे येते आणि आजोबा-नात मिळून पुस्तके बांधतात. एकच अडचण आहे. बोलायचे तर हातातले काम खाली ठेवावे लागते, आणि तात्यांना सारखेच बोलायचे असते. त्यामुळे एकही पुस्तक वेळेवर तयार होत नाही आणि गिऱ्हाइकांना तोंड देता देता आत्याच्या नाकी नऊ येतात. काल एका जाड शब्दकोशाचा पुठ्ठा चिकटवायचा होता. तात्यांनी तो अर्धा ठेवून तासभर कसली तरी जुनी हकिकत सांगितली, दोन्ही हातांनी, एकदाही न अडखळता. खारूने शेवटी हातांची खळ पुसली आणि म्हणाली, 'तात्या, तुम्ही फार बोलता.'

तात्यांनी घरात जाऊन हे वाक्य आत्याला तीनदा सांगितले.